एका दावणीचे बारा बोकड

“मामा, थांबा! हात काढा आधी त्यातून!”

मी गोठ्याच्या दारातूनच ओरडले. देवकतेमामा दचकलेसुद्धा नाहीत. गोठ्याच्या मधोमध उकिडवे बसून ते ताडपत्रीवरचा खुराकाचा ढीग कालवत होते, चिवडा कालवतात तसा, दोन्ही हातांनी खालून वर. शेजारी दोन रिकामी पोती पडली होती, एक पांढऱ्या सुतळीचं आणि एक तांबड्या. त्यांच्याजवळ माझी जवसाच्या तेलाची बरणी उघडी होती.

“आज लवकर आलाव, बाई?”

“हे काय चाललंय?”

“खुराक करायलो.”

“कुणाचा?”

“बोकडांचा. अजून कुणाचा?”

“अहो, पण सहांना तेल आहे आणि सहांना नाही! तांबडी सुतळी तेलाची, पांढरी कोरडी. भिंतीवर तक्ता लावलाय. शंभरदा सांगितलंय तुम्हाला!”

“सांगितलं की. मी ऐकलं बी,” मामा म्हणाले आणि घमेलं भरून उठले. “पर ते काय करण्यासारखं न्हवतं.”

माझ्या देखत ते बाराही बोकडांच्या गव्हाणींत एकसारखं वाढत गेले. कुणाला मूठभर कमी नाही की जास्त नाही. बोकडांनी माना खाली घातल्या आणि गोठा चघळण्याच्या आवाजाने भरून गेला.

“किती दिवसांपासून असं घालताय?”

“पहिल्या दिवसापासनं.”

म्हणजे अकरा आठवडे. मी तिथेच खुराकाच्या पिंपावर बसले.

“का पण, मामा? का?”

“कामून म्हणजे? एका दावणीला बांधलेत की. हे सहा तेलाचं खाणार अन् हे सहा त्यांच्या तोंडाकडं बघत कोरडं चावणार? पंगतीत परपंच करायचा न्हाई, बाई. मुक्या जितराबाचा तर न्हाईच न्हाई.”

मी कालिंदी सोनटक्के. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मला पंचविसावं लागलं होतं आणि मराठवाड्यातल्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी पदव्युत्तर पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. महाविद्यालयाचं नाव सांगण्यात काही राम नाही, असली माणसं सगळीकडे असतात. आमच्या वर्गातल्या मुलींनी दूध, अंडी, चारा असे सभ्य विषय घेतले होते. मी घेतला होता उस्मानाबादी बोकडांचा. खाण्यातल्या चरबीने त्यांच्या वीर्यात काय फरक पडतो, हा माझा विषय. वर्गातली मुलं मला ‘बोकडवाली’ म्हणायची. ‘या, बसा, तुमचाही नमुना तपासून देते,’ असं एकदा भर कँटीनमध्ये म्हटल्यावर त्यांची तोंडं बंद झाली.

विषय साधा होता. शुक्रजंतूचं आवरण चरबीचं असतं. जनावर जशी चरबी खाईल, तशी त्या आवरणात उतरते. जवसाच्या तेलातली चरबी पातळ आणि लवचिक, तिने शुक्रजंतू जास्त चपळ होतील असा अंदाज. म्हणून सहा बोकडांना रोज पंचवीस मिली जवसाचं तेल घालून खुराक, सहांना तोच खुराक कोरडा. शुक्रजंतू तयार व्हायलाच सात-आठ आठवडे लागतात, त्यामुळे घाई चालत नाही. दर सोमवारी माजावरची शेळी पुढे उभी करायची, कोमट पाण्याच्या रबरी नळकांड्यात वीर्य धरायचं आणि थंड व्हायच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली घालायचं. शंभरातले किती सरळ पोहतात ते मोजायचं. शेळी धरायला मामा. हसायला यायचे ते विद्यार्थी दाराबाहेर, मी कडी लावून घ्यायचे.

सुरुवातीला शंभरातले बासष्टच्या आसपास पोहत होते. अकराव्या आठवड्याला ते चौऱ्याहत्तरवर गेले. पण दोन्ही गटांचे! तेलवाल्यांचेही आणि कोरड्यांचेही. गेले दोन आठवडे मी डोकं धरून बसले होते. का, ते आता समोर दिसत होतं. सहांचं तेल बाराजणांच्या पोटात निम्मं निम्मं जात होतं.

शनिवारी माझ्या अंतिम चर्चासत्राचा दिवस होता. बाहेरचे परीक्षक म्हणून डॉ. देशभ्रतार येणार होते, विदर्भातले, आणि त्यांच्यापुढे उभं राहायला भलेभले घाबरायचे. ते पास झालं की पदवी. नाही झालं तर आमच्या वडिलांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, “यंदा पदवी हातात पडली तर पुढचं बोलू. नाही तर सामान बांधून घरी यायचं. बोकडांच्या मागे फिरणाऱ्या मुलीला स्थळ बघताना मला काय काय ऐकावं लागतं ते तुला ठाऊक नाही.” घरी जायचं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. दोन्ही बहिणींचं बघितलं होतं.

मी पिंपावरून उठले आणि मामांना म्हणाले, “तुम्ही माझं वाटोळं केलंत.”

मामा घमेलं धूत होते. वर न बघता म्हणाले, “तुमचं वाटोळं व्हावं असं माझ्या मनात न्हवतं, बाई.”

“मग कोरड्यांचा एवढा कळवळा होता, तर मला सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर तुमी करू दिलं असतं?”

मी तणतणत निघाले.

माझे मार्गदर्शक रत्नपारखी सर. विभागप्रमुख, गोड बोलणारे, नेहमी इस्त्रीच्या सफारीत. माझं ऐकून घेताना त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, “अजून कुणाला सांगितलंस?”

“कुणाला नाही, सर. सरळ इकडेच आले.”

“शहाणी आहेस. बस.” त्यांनी माझ्या वहीतले आकडे बोटाने खालपर्यंत वाचले आणि चक्क हसले. “अगं, रडतेस काय? हे तर उत्तम झालं. दोन्ही गटांना तेल गेलं आणि दोन्ही गट सुधारले. म्हणजे जवसाने सुधारणा होते हे सिद्धच झालं की.”

“पण सर, तुलना कशाशी करायची? कोरडा गट राहिलाच नाही.”

“राहिला नाही, पण राहिला असता तर काय झालं असतं? जिथे होता तिथेच राहिला असता, बासष्टच्या आसपास. बरोबर?”

“असं... वाटतं.”

“वाटतं काय, उघड आहे! मग तेवढं लिहायचं. आपण खोटं लिहीत नाही आहोत, कालिंदी. जे खरं झालं असतं ते लिहितोय. एका अडाणी माणसाच्या खुळेपणामुळे विज्ञानाने का अडून बसायचं?”

मी लढले, टेबलावर हात आपटला, ताडकन उठून बाहेर पडले, असं मला सांगता आलं असतं. आमच्या महाविद्यालयात ही गोष्ट अजून सांगतात आणि त्यात मी तसंच करते. पण मी तसं केलं नाही. मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी सरांना “थँक्यू सर” म्हणाले.

त्या दुपारी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून मी सहा बोकडांचे आकडे नव्याने जन्माला घातले. ते काम मी मन लावून केलं. खोटे आकडे एकसारखे दिसून चालत नाहीत, ते जरा वाकडेतिकडे असावे लागतात. म्हणून एकसष्ट, चौसष्ट, साठ, मग एकदम पासष्ट. एक बोकड मी मध्येच आजारी पाडला, म्हणजे त्याचा एका आठवड्याचा आकडा रिकामा राहील. झाल्यावर मी तक्ता लांब धरून बघितला आणि मला त्याचा अभिमान वाटला. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात.

एकच गोष्ट राहिली होती. प्रबंधाला दाखला जोडावा लागायचा, की खुराक तक्त्याप्रमाणेच घातला गेला. त्याच्यावर गोठ्यातल्या परिचराची, म्हणजे मामांची, सही हवी. देशभ्रतार सर हा कागद हटकून मागायचे.

गुरुवारी सरांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. मामा दाराशी चपला काढून आत आले आणि उभे राहिले. सरांनी खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

“देवकते, तुमची निवृत्ती कधी?”

“फुडल्या डिसेंबरात, सायेब.”

“म्हणजे वर्षच राहिलं. तीस वर्षं नोकरीला डाग नाही तुमच्या. आता या मुलीच्या प्रयोगात तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला मेमो काढावा लागेल. चौकशी लागली की निवृत्तीचे कागद अडकतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण मला ते करायचं नाही.” सरांनी कागद पुढे सरकवला. “यावर सही करा, विषय संपला. तुम्हीही मोकळे, हीही मोकळी.”

मामांना वाचता येत होतं. त्यांनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला, ओठ हलवत. मग परत टेबलावर ठेवला.

“हे असं झालेलं न्हाई.”

“ते आम्हाला माहीत आहे.”

“मंग असं कामून लिवलंय? सारख्याला सारखं घातलं असं लिवा, मी आत्ता सही करतो. मेमो काढायचा तर काढा. मी घातलंय, मी सांगीन.”

“देवकते, समजून घ्या. एवढं काय आहे त्या तेलात?”

मग मामांनी सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर कधी ऐकलं नाही.

“मी आठ-धा वर्सांचा आसंल. गावात पाटलाघरी लगीन हुतं. सगळी पोरं बसली तशी मी बी बसलो, मधीच. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. वाढप्याच्या आलं. भात आला, वरण आलं, ते सगळ्याला. मागनं तूपवाला आला. माझ्या आधीच्याला धार सोडली. माझ्यापाशी आला अन् तांब्या सरळ धरून फुडं गेला. संपलं म्हणावं, तर फुडच्याला परत धार. धनगराचं पोरगं हाय, त्याला कशाला तूप! तूप न्हाई मिळालं त्याचं काय न्हाई, सायेब. घरी बी मिळत न्हवतं. पर शेजारच्याच्या ताटातला वास नाकात शिरतो की. त्यो कुठं ठिवायचा?”

“अहो, ती माणसं होती. हे बोकड आहेत.”

“व्हय. माणसाला बोलता तरी येतं.”

सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. “देवकते, या मुलीचं वर्ष जाईल. तिला घरी बसवतील. ते चालेल तुम्हाला? बोकडांची दया येते, हिची येत नाही? सांग गं, तूच सांग यांना!”

मामा माझ्याकडे वळले. तीस वर्षांत किती विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले असतील, पण पहिल्या दिवशी शेळीला धरायला मी पुढे झाले तेव्हा हसले नव्हते ते एकटे मामाच.

“मामा, करा सही,” मी म्हणाले.

“तुमी सांगायलाव?”

“हो. करा. माझ्यासाठी.”

त्यांनी पेन उचललं. क्षणभर मला वाटलं, सुटले. मग त्यांनी पेनाचं टोपण नीट बसवलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

“न्हाई, बाई. मी जे घातलं ते घातलं.” आणि चपला घालून निघून गेले.

सर मला म्हणाले, “सोड. मी बघतो त्या कागदाचं. तू फक्त उभी राहा आणि वाच.”

शनिवारी सभागृहात तीसेक माणसं होती. मी मोतिया रंगाची साडी नेसले होते, कारण मैत्रिणी म्हणाल्या होत्या की साडीत माणूस खरं बोलतोय असं वाटतं. प्रोजेक्टरच्या मशीनवर पारदर्शक तक्ते ठेवत मी इंग्रजीतून घडाघडा बोलत गेले. तेलवाला गट चौऱ्याहत्तर, कोरडा गट बासष्ट. पडद्यावर दोन रेषा, एक चढणारी आणि एक आडवी पडलेली.

देशभ्रतार सर पहिल्या रांगेत बसले होते. किडकिडीत अंगाचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “बाई, तुमचे आकडे फार सुंदर आहेत. तीस वर्षांत मला इतके सुंदर आकडे एकदाही मिळाले नाहीत. खुराक कोण घालत होतं?”

मी तोंड उघडायच्या आत रत्नपारखी सर उभे राहिले. “आमचे अनुभवी परिचर आहेत, सर. त्यांचा दाखला जोडतो. सध्या ते रजेवर आहेत, आले की लगेच सही...”

देवकतेमामा रजेवर! तीस वर्षांत ज्या माणसाने बायकोच्या दहाव्यालासुद्धा सकाळचा खुराक घालून मग गाडी पकडली होती! सभागृहाच्या खिडकीतून गोठा दिसत होता. मामा दारात बसून शेळीचे खूर कापत होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझं टाळकं फिरलं. सरांवर फिरलं की माझ्यावर, कोण जाणे.

“मामा रजेवर नाहीत, सर,” मी म्हणाले. “गोठ्यात आहेत. बोलावू का?”

खरं बोलायचं म्हटल्यावर माझी इंग्रजी संपली होती.

“कालिंदी, त्याची गरज नाही,” रत्नपारखी सर म्हणाले.

“गरज आहे. हा तक्ता खोटा आहे.” मी तो मशीनवरून उचलला, पडदा कोरा पांढरा झाला. “कोरड्या गटाचे आकडे मी सोमवारी दुपारी ग्रंथालयात बसून केले. तिसरा बोकड आजारी पडला नव्हता, तो मी पाडला. कोरडा गट नव्हताच. बाराही बोकड एकच खुराक खात होते आणि बाराही सुधारले. एवढंच मला माहीत आहे. बाकी मला काहीही माहीत नाही.”

“तिची मनःस्थिती ठीक नाही. कालिंदी, खाली बस.”

“नाही बसणार, सर.”

“बस म्हणतो ना!”

“अकरा आठवडे मी यासाठी उभी आहे. आता सांगून झाल्याशिवाय बसणार नाही. हे आकडे लिही असं तुम्ही सांगितलंत आणि मी आनंदाने लिहिले. दोघांचंही नाव घ्या.”

देशभ्रतार सरांनी शेजारच्या शिपायाला म्हटलं, “त्या परिचरांना बोलवा.”

मामा आले ते हातातली खूरकात्री तशीच घेऊन. देशभ्रतार सर त्यांना खुर्चीवर बसा म्हणाले नाहीत, स्वतः उभे राहिले.

“सगळ्यांना सारखा खुराक घातलात?”

“व्हय, सायेब.”

“घालू नका म्हणून सांगितलं होतं?”

“व्हय.”

“प्रयोग पुन्हा झाला तर?”

“एका दावणीला आसतील तर सारखंच घालणार.” मागे कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी तिकडे बघितलं, मग पुन्हा समोर. “तुमाला वेगळं घालायचं तर वेगळ्या गोठ्यात बांधा. मधी भिंत पायजे. एकमेकाला दिसाय नको, वास याय नको. मंग ज्याचं त्याचं घर झालं. घरात कोण काय खातं त्याला परपंच म्हणत न्हाईत.”

देशभ्रतार सर रत्नपारखी सरांकडे वळले. “डॉक्टर, प्रयोगाच्या आखणीत ही गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी होती. शेजारच्या गव्हाणीत तोंड घालायला बोकडांना तुमची परवानगी लागत नाही.”

मी नापास झाले. कागदोपत्री त्याला ‘मुदतवाढ’ म्हणतात. एक वर्ष, नवे बोकड, नवा मार्गदर्शक, कारण रत्नपारखी सरांनी माझ्या कागदांवर लाल शाईने ‘असमर्थता’ लिहून हात झटकले. मामांना मेमो मिळाला. उत्तर त्यांनीच लिहिलं, दोन ओळींचं, आणि पुढे त्याचं काही झालं नाही.

त्याच संध्याकाळी मी गोठ्यात गेले. मामा दावं वळत बसले होते.

“मामा, परवा मी चुकले.”

“चुकलाव.”

मला वाटलं होतं, ते ‘जाऊ द्या’ म्हणतील. म्हातारी माणसं म्हणतात. मामा म्हणाले नाहीत.

“आज बोललाव ते चांगलं केलाव. पर परवाचं परवाच्या जागी ऱ्हाऊ द्या. ‘करा सही’ म्हणलाव ते मी इसरणार न्हाई. तुमी बी इसरू नका.”

वडिलांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “झालं ना? ये आता घरी.” मी म्हणाले, “येत नाही.” ते म्हणाले, “खर्चाला एक पैसा मिळणार नाही.” मी म्हणाले, “बरं.” आणि फोन ठेवला. तेवढंच बोलणं. पुढचं वर्ष मी शिकवण्या घेऊन काढलं. आईने माझ्या बाजूने घरात किती भांडणं केली, ते नंतर कळलं.

पुढच्या भाद्रपदात प्रयोग पुन्हा उभा राहिला. तेच महिने, तेच ऊन, तेच वय. फरक एवढाच की आता गोठे दोन होते, मध्ये मोकळं पटांगण आणि छपरापर्यंत भिंत. दोन्हीकडचा खुराक मामाच घालत होते. जवसाच्या गोठ्यात घालून झालं की हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच कोरड्या गोठ्यात शिरायचे. त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यात एका दिवसाचीही चूक झाली नाही.

अकराव्या आठवड्याच्या सोमवारी मी जवसवाल्यांचे नमुने बघितले. चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, त्र्याहत्तर. मान डोलावली. मग कोरड्यांचा पहिला नमुना काचेवर घेतला, डोळा लावला आणि मोजायला लागले. मोजून झाल्यावर मी पुन्हा मोजलं. मग दुसरा बोकड, तिसरा, सहावा.

चौऱ्याहत्तर.

ज्यांनी जवसाचा थेंब चाखला नव्हता, ज्यांच्या नाकापर्यंत त्याचा वास गेला नव्हता, ते बासष्टवरून चौऱ्याहत्तरवर आले होते. पावसाळा सरला, हवा गार झाली आणि बोकड आपोआप सुधारले, जसे ते दरवर्षी सुधारतात. मामांनी वाटलेल्या तेलाने गेल्या वर्षी काही झालं होतं की नाही, देव जाणे. पण कोरडे बोकड बासष्टवर आडवे पडून राहिले नसते, हे नक्की. तो आकडा सरांनी ठरवला होता आणि मी लिहिला होता. ‘जे खरं झालं असतं ते’ म्हणून आम्ही दोघांनी जे लिहिलं, ते झालंच नसतं.

मी हसायला लागले. एकटीच, मोठ्याने. मग प्लग काढला, सूक्ष्मदर्शक कमरेवर घेतला, काचा डबीत घातल्या आणि व्हरांड्यातून सरळ रत्नपारखी सरांच्या केबिनमध्ये गेले. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. दार ढकलून मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला, फायलींवरच, आणि टेबललॅम्पच्या जागी प्लग लावला.

“हा काय प्रकार आहे?”

“बघा, सर. ही काच जवसाची, ही कोरड्याची. थंड व्हायच्या आत बघा.”

ते मला हाकलून देतील असं वाटलं होतं. पण शेवटी माणूस प्राध्यापक होता. समोर सूक्ष्मदर्शक आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि वाकले. पहिली काच बघितली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

“दोन्ही सारखेच पोहतायत,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे कोरडा गटही...”

“हो, सर.”

मग ते सरळ झाले, पण चष्मा लावला नाही.

“मग जवसाने काहीच होत नाही?”

“तेही अजून माहीत नाही. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आज सकाळीच पातळ करून फ्रीजमध्ये ठेवलाय. थंडीत कोण किती तगून राहतं ते उद्या काढून बघणार आहे.”

दुसऱ्या दिवशी काय निघालं ते माझ्या प्रबंधात आहे. थंडीत जवसवाले जास्त जगले. ज्याला हवं त्याने वाचावं, आकडे फारसे सुंदर नाहीत. पण त्या सोमवारी ते नमुने अजून फ्रीजमध्ये होते आणि सर माझ्याकडे बघत होते, गेल्या वर्षी बघायचे तसेच, उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखे.

“काय निघेल असं वाटतं तुला?” त्यांनी विचारलं.

मी प्लग काढला, वायर गुंडाळली आणि सूक्ष्मदर्शक पुन्हा कमरेवर घेतला.

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले.